खुणा समोरासमोर, मग फायरिंग कुणाचं?

शेव्हरोलेच्या जुन्या पिकअपमधल्या ३५० स्मॉल ब्लॉक या आठ सिलिंडरच्या इंजिनला टायमिंग गिअर ड्राइव्ह (क्रँकवरून कॅम फिरवणारे गिअर) बसवताना हमखास सांगतात: क्रँक (पिस्टनला जोडलेला मुख्य दांडा) आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) यांच्या गिअरवरच्या खुणा समोरासमोर आल्या की एक नंबरचा सिलिंडर फायरिंगला, म्हणजे ठिणगी पडायच्या वेळेवर.

गिअर बसवायला ही स्थिती बरोबरच आहे, गैरसमजाचं मूळही तेच. क्रँकची खूण वर आणि कॅमची खाली असताना एक आणि सहा, दोन्ही पिस्टन वर असतात. फायरिंगला मात्र सहा. एकचा एक्झॉस्ट, म्हणजे जळका वायू बाहेर टाकणं, संपत आलेला. तेव्हाच डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) एक नंबरवर लावला, तर इंजिन सुरू होत नाही, कार्बोरेटरमधून फटाके तेवढे ऐकू येतात.

गिअर उघडू नका. क्रँक पूर्ण एक फेरा फिरवा. कॅमची खूण वर येते, मग डिस्ट्रिब्युटर बसवा. गिअरवरचं कव्हर लागलं असेल तर एक नंबरचा प्लग काढून भोकावर बोट धरा आणि क्रँक पान्याने फिरवा. हवा बोट ढकलू लागली की कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबली जाण्याचा टप्पा. तिथून बॅलन्सरची (क्रँकच्या पुढच्या टोकावरच्या चकतीची) खूण शून्यावर आणा.