थंडी, आजीचे गुडघे आणि ‘आई, तुम्ही बसा’

डिसेंबर लागला की न्हाणीघरातल्या कोनाड्यातली खोबरेल तेलाची बाटली थिजते. खोबरेल २४ अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतं. निफाडकडे काही पहाटे पारा ५-६ अंशांवर येतो, तिथे तर बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब निघत नाही. नेमके याच दिवसांत आजीचे गुडघे धरतात आणि घरात कुणीतरी म्हणतंच, ‘गुडघ्यातलं वंगण गोठलं.’

उपमा छान आहे, पण गुडघ्यातला द्रव म्हणजे तेल नव्हे. तो पाणीदार असतो. त्यात हायलुरोनिक आम्लाचे लांबच लांब रेणू असतात, त्यामुळे त्याला अळशी उकळल्यावर सुटतो तसा बुळबुळीतपणा येतो. निरोगी गुडघ्यात तो चहाचा एक चमचा भरेल न भरेल इतकाच असतो. बाहेर कडाका असला तरी रजईतल्या गुडघ्याच्या आत तिशीच्या आसपास तापमान असतं. थंडीत हा द्रव किंचित दाटतो, गोठत नाही. त्याचा खरा गुण वेगळाच आहे. सांधा स्थिर असला की तो दाट राहतो, हलू लागला की पातळ होतो. बाटली हलवल्यावर टोमॅटो सॉस सुटतो तसा. सकाळी अंथरुणातून उठताना गुडघा आखडलेला असतो आणि दहा-पंधरा पावलांनंतर मोकळा वाटतो, त्यात या गुणाचाही वाटा आहे.

‘गॅप कमी झालाय’ हे दुसरं ऐकीव वाक्य. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात, त्यांच्या टोकांवरची कूर्चा, म्हणजे ज्याला आपण गादी म्हणतो ती, दिसत नाही. दोन हाडांमधली जी मोकळी जागा दिसते ती या गादीची. गादी झिजली की जागा अरुंद होते. म्हणून हा एक्स-रे उभं राहून काढायचा असतो. झोपून काढला तर अंगाचा भार नसल्यामुळे जागा आहे त्यापेक्षा जास्त दिसू शकते. पण एक गंमत अशी की कूर्चेला मज्जातंतूच नसतात, त्यामुळे ती स्वतः दुखत नाही. दुखतं ते तिच्याखालचं हाड, सांध्याचं अस्तर, भोवतीचा पडदा आणि ओढ बसणारे स्नायू. एक्स-रे पाहून डॉक्टर मान हलवतात अशी एखादी आजी पंढरीची वारी करून येते आणि जिचा एक्स-रे बरा दिसतो ती पायरीवर थांबते, याचं कारण हेच.

कूर्चेला रक्तवाहिन्याही नसतात. तिचं पोषण भोवतालच्या द्रवातून होतं, तेही दाब पडला आणि सुटला तरच. स्पंज पिळावा आणि सोडावा, तसं. चालताना प्रत्येक पावलाला हे घडतं. बसून राहिलं की थांबतं. लेखाचा बाकीचा भाग या एका गोष्टीभोवतीच फिरणार आहे.

आधी हवेच्या दाबाचा विषय मिटवू, कारण मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांत तो हमखास असतो: दाब कमी झाला की सांधे फुगतात. ब्रिटनमध्ये २६५८ जणांनी रोजचं दुखणं फोनवर नोंदवलं, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. दमट हवा, कमी दाब आणि जोराचा वारा असलेल्या दिवशी दुखणं थोडं अधिक, असं निघालं. मात्र तिकडे पाऊस, गारठा आणि कमी दाब बहुधा हातात हात घालून येतात. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्रात कमी दाबाचा आणि दमट हवेचा ऋतू म्हणजे पावसाळा. जानेवारीत हवा कोरडी आणि दाब वर्षातला चढा. मुंबईत जुलै आणि जानेवारीच्या सरासरी दाबात साधारण १० मिलिबारचा फरक पडतो. समुद्रसपाटीवरून महाबळेश्वरला गेलं तर दाब सुमारे दीडशे मिलिबारने उतरतो. दाब हाच खलनायक असता, तर स्ट्रॉबेरी खायला गेलेल्या प्रत्येक आजीला तिथून उचलूनच आणावं लागलं असतं. पावसाळ्यातल्या ठणक्याशी दाबाचा काही संबंध असेलही, पण आपल्या हिवाळ्याचं खापर त्याच्या माथी मारता येत नाही.

मग हिवाळ्यात होतं काय? गारठ्यात कातडीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठर राहतात आणि तेवढ्याच हालचालीला जास्त ओढ बसते. हा झाला थंडीचा सरळ परिणाम. त्याहून मोठा परिणाम आडवाटेने येतो. सकाळचं फिरणं बंद होतं. उठणं सहाचं आठवर जातं. आजी शालीत गुरफटून एका जागी बसते आणि घरातले मायेने त्यात भर घालतात. सून म्हणते, ‘आई, तुम्ही बसा, मी देते’. नातू म्हणतो, ‘आजी, तू उठू नकोस.’ दोन-तीन आठवड्यांत मांडीचा पुढचा मोठा स्नायू आणखी सैलावतो. उभं राहताना, उतरताना गुडघ्याला बसणारा धक्का हाच स्नायू झेलतो. तो कमजोर झाला की तेच वजन सांध्यावर जास्त आदळतं, दुखणं वाढतं, म्हणून आजी आणखी बसते. घरच्यांनी करायची पहिली मदत म्हणजे पाण्याचा तांब्या आजीच्या हाताशी न ठेवता दहा पावलांवर ठेवणं. निर्दयी वाटेल, पण याच्याइतकी स्वस्त फिजिओथेरपी नाही.

सकाळची सुरुवात रजईतच करावी. पाऊल पुढे-मागे वीस वेळा हलवायचं. मग टाच गादीवरून घासत गुडघा वाकवायचा आणि सरळ करायचा, प्रत्येक पायाने दहा वेळा. त्यानंतर गुडघ्याखाली पंचाची गुंडाळी ठेवून ती गुडघ्याने खाली दाबायची, पाच आकडे मोजायचे, सोडायचं, हेही दहादा. दाबताना मांडीवर हात ठेवला तर स्नायू घट्ट झालेला जाणवला पाहिजे. जाणवत नसेल तर जोर कमरेतून लागतोय. श्वास मात्र रोखायचा नाही. शेवटी पलंगाच्या कडेला बसून पाय एक-दोन मिनिटं झुलवायचे आणि मग उभं राहायचं. रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ही दोन मिनिटं चुकवूच नयेत, एकदम उठलं की चक्कर येते. दुपारी आणि संध्याकाळी पक्क्या खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून बसावं, आठवड्या-दोन आठवड्यांनी दहावर जावं. खुर्चीची बैठक साधारण १८ इंच उंच हवी. नव्या सोफ्यांत माणूस रुततो, त्यातून उठणं गुडघ्याला सर्वांत महाग पडतं. व्यायामानंतर दुखणं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तसंच राहिलं, तर आकडा निम्मा करायचा. बंद करायचं नाही.

हिवाळ्याची खास अडचण स्वयंपाकघरात असते. मटार, पावटा, मेथी, ओला हरभरा, सगळी निवडायची-सोलायची भाजी याच दिवसांत येते आणि ती आजीच्या वाट्याला. सतरंजीवर मांडी घालून दीड तास मटार सोलले की गुडघा तेवढा वेळ टोकापर्यंत वाकलेला राहतो. काम काढून घेऊ नये, जागा बदलावी: ताट टेबलावर, आजी खुर्चीवर आणि सालांचा डबा मुद्दाम दाराशी. अर्ध्या तासाने उठून तो रिकामा करायचा. देवपूजेसाठीही देव चौरंगावर घेऊन समोर स्टूल ठेवलं तर देवाचं काही बिघडत नाही.

शेकाने बरं वाटतं, ते खरंच. उष्णतेने स्नायू सैल होतात आणि दुखण्याचा संदेश मंदावतो. रबरी पिशवी दोन-तृतीयांश भरायची, बूच लावण्याआधी आतली हवा दाबून काढायची, भोवती पंचा गुंडाळायचा आणि १५ ते २० मिनिटं शेकायचं. उकळतं पाणी नको. व्यायामाच्या आधी शेकलं तर फायदा दुप्पट वाटतो. चुका ठरलेल्या आहेत. बाम चोळून त्यावर शेक दिला की कातडी भाजते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर चटका कळतच नाही. अशा आजीसाठी पिशवीचा अंदाज दुसऱ्या कुणीतरी आपल्या कोपराने घ्यावा. रोज तासन् तास शेगडीजवळ बसलं की नडगीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठतात, तो शेक जास्त झाल्याचा पुरावा. कोळशाची शेगडी दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत कधीही ठेवू नये. तिच्यातून सुटणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेलं माणूस उठत नाही. गुडघा सुजून गरम लागत असेल तर शेक नको, रुमालात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं.

तेल कोणतंही चालेल. ते कातडीतून सांध्यात झिरपत नाही. गुण येतो तो चोळणाऱ्या हाताचा आणि उबेचा. एकच पोटरी सुजून दुखत असेल तर मात्र तिथे चोळू नये, डॉक्टरांना दाखवावं. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

डिंकाच्या लाडवाबद्दल थोडं कटू बोलावं लागेल. डिंक चिकट, म्हणून तो सांध्यात वंगण घालतो, ही समजूत. डिंक म्हणजे पाण्यात विरघळणारा चोथा. तो मोठ्या आतड्यात पोचतो, तिथले जिवाणू त्यावर ताव मारतात, गुडघ्यापर्यंत तो जातच नाही. लाडवात उरतं ते तूप, गूळ, खारीक, सुकं खोबरं. चव अप्रतिम, उष्मांकही भरपूर. वजन आणि गुडघ्याचं गणित सरळ आहे: वजन एक किलोने उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, असं २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात मोजलं गेलं. उलट दिशेनेही तेच. तेव्हा लाडू खावा, एक, आणि तो नाश्त्याच्या जागी; नाश्त्यानंतर नव्हे.

कोवळ्या उन्हाचंही तसंच. सकाळी सातचं ऊन उबेला चांगलं, पण ‘ड’ जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण त्यात जवळजवळ नसतात. ढोबळ खूण अशी, आपली सावली आपल्यापेक्षा आखूड असेल तेव्हाचं ऊन कामाचं. २२ डिसेंबरला नाशिकला सूर्य दुपारी साडेबाराच्या सुमारास डोक्याशी जास्तीत जास्त जवळ येतो, तेव्हाही सावली उंचीपेक्षा जेमतेम आखूड असते. म्हणून हिवाळ्यात अंगणात बसायचं ते अकरा ते दोनच्या दरम्यान, हात-पाय उघडे ठेवून. हाडांसाठी ते हवंच. झिजलेली गादी मात्र त्याने भरून येत नाही.

औषधांत पहिली पसंती डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाच्या मलमाला द्यावी. लावलेल्यातला फार थोडा भाग रक्तात जातो, त्यामुळे पोट आणि मूत्रपिंड बऱ्याच अंशी वाचतात. चिमूटभर लावून उपयोग नाही. १ टक्क्याच्या जेलची गुडघ्यासाठीची ठरलेली मात्रा ४ ग्रॅम आहे, दिवसातून चार वेळांपर्यंत. ३० ग्रॅमची ट्यूब दोनच दिवसांत संपेल इतकी. दुकानातून परस्पर आणलेली पेनकिलर रोज खाणं धोक्याचं, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील आणि थंडीत पाणी कमी प्यायलं जात असेल तर; मूत्रपिंडावर दोन्हीकडून ताण येतो. नाव नसलेल्या पुडीतल्या गोळ्यांनी एका रात्रीत आराम पडला तर आनंदापेक्षा संशय धरावा, त्यात स्टेरॉइड असू शकतं.

प्रत्येक दुखरा सांधा म्हणजे झीज नव्हे. झिजेचा ताठरपणा सकाळी अर्ध्या तासाच्या आत उतरतो. तो तासभर टिकत असेल आणि दोन्ही हातांची बोटं मुळाशी सुजत असतील तर आमवाताची (रुमॅटॉइड आर्थ्रायटिसची) तपासणी करावी, त्याचे उपचार वेगळे आणि लवकर सुरू करण्याचे. दिवाळीच्या आगेमागे घरात चिकुनगुन्या होऊन गेला असेल तर पुढचे काही महिने सांधे त्यानेही दुखतात. २००६ च्या मोठ्या साथीनंतर हे महाराष्ट्राने गावोगाव पाहिलं. गुडघा लाल, गरम आणि सोबत ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

काठी बहुतेकजणी चुकीच्या हातात धरतात. उजवा गुडघा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. दुखरा पाय आणि काठी एकदम पुढे. उंची चप्पल घालून मोजायची: हात सैल सोडल्यावर काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी आली पाहिजे. खालचं रबर झिजून गुळगुळीत झालं की बदलावं. शहाबादी फरशीवर नुसते मोजे घालून फिरणं म्हणजे घसरण्याला आमंत्रण, त्यापेक्षा मागे पट्टा असलेली चप्पल बरी. थंडीत रात्री लघवीला जास्त वेळा उठावं लागतं, म्हणून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत मंद दिवा लावून ठेवावा. झोपताना गुडघ्याखाली उशी बरी वाटते खरी, पण रोज रात्रभर ती ठेवली की गुडघा वाकलेलाच धरतो आणि सरळ होईनासा होतो. कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मध्ये घेतलेली उशी चालते.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची बोलावणी येतात. आजीला जाऊ द्यावं. गुडघ्यावर सपाट चालताना शरीराच्या अडीच पटीहून जास्त भार येतो आणि जिना उतरताना साडेतीन पटीच्या घरात, म्हणजे चढण्यापेक्षा उतरणं जड. चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी दुखरा; काठी नेहमी दुखऱ्याबरोबर, दुसरा हात कठड्यावर, एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची नाही. सोबत जाणाऱ्या नातीने उतरताना आजीच्या एक पायरी खाली राहावं आणि यजमानीणबाईंना सतरंजीऐवजी खुर्ची द्यायला आधीच सांगून ठेवावं.