केमोच्या बाटलीत आधीपासूनच एक झाड आहे

मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला आणि केमो सुरू झाली की फॅमिली ग्रुपवर तो फॉरवर्ड येतोच. हळदीच्या कॅप्सूल काळ्या मिरीच्या अर्कासोबत घ्या, केमो दुप्पट काम करते, साइड इफेक्ट शून्य, नैसर्गिक आहे त्यामुळे नुकसान काहीच नाही, आणि डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. गावाकडून उपचारांसाठी येऊन परळच्या धर्मशाळांमधे राहणाऱ्यांना हेच तोंडी ऐकायला मिळतं. यातलं "नैसर्गिक आहे त्यामुळे नुकसान नाही" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण या कॅन्सरच्या केमोत वापरतात त्यातलं एक महत्त्वाचं औषध, इरिनोटेकॅन, झाडातूनच आलेलं आहे आणि ते अजिबात सौम्य नाही.

त्याचा मूळ रेणू कॅम्प्टोथेसिन. चीनमधल्या एका झाडाच्या सालीतून तो अमेरिकेत मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी वेगळा काढला आणि १९६६ साली त्याची रचना जाहीर केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे त्याच जोडीने टॅक्सॉल हे कॅन्सरवरचं आणखी एक औषधही शोधलं. इतक्या मोठ्या माणसाचं नाव महाराष्ट्रात शाळेच्या पुस्तकात का नसावं हे मला कळत नाही. आणि पुढे भारतात सापडलं की हाच रेणू आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडामधेही भरपूर आहे, तो नरक्या मग औषध कंपन्यांच्या मागणीपायी इतका तोडला गेला की आज जंगलखात्याला त्याच्या तस्करीवर लक्ष ठेवावं लागतं.

पण झाडातला रेणू जसाच्या तसा चालला नाही. तो पाण्यात नीट विरघळत नाही म्हणून त्याचं सोडियम मीठ बनवून १९७० च्या आसपास रुग्णांना दिलं, तर लघवीतून रक्त जाण्यापर्यंत त्रास झाला आणि चाचण्या थांबवाव्या लागल्या. मग औषध दशकभर पडून राहिलं. ते पुन्हा उभं केलं जपानच्या याकुल्टने, हो, तेच आपल्या डी-मार्टमधे छोट्या बाटल्या मिळतात ते याकुल्ट. त्यांनी रेणूला एक जास्तीचा तुकडा जोडून तो विरघळणारा केला, तेच इरिनोटेकॅन. १९९६ मधे अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी त्याला परवानगी मिळाली.

आता हा रेणू करतो काय, ते मला सांगायलाच हवं, कारण माझ्या मते अख्ख्या कॅन्सरशास्त्रात इतकी देखणी यंत्रणा दुसरी नाही. डीएनएचे दोन धागे एकमेकांभोवती पिळलेले असतात हे शाळेत शिकलोय. पेशीला दोन व्हायचं तर ते सोडवून त्यांची नक्कल करावी लागते, आणि सोडवत पुढे जाल तसा पुढचा पीळ आणखी घट्ट होत जातो. तो सैल करायला टोपोआयसोमरेज-१ नावाचं एन्झाइम असतं. ते दोनपैकी एकच धागा कापतं, कापलेलं टोक स्वतःला घट्ट जोडून धरतं, तेवढ्यात पीळ फिरून मोकळा होतो, मग धागा पुन्हा सांधतं आणि निघून जातं. कॅम्प्टोथेसिन नेमकं त्या कापलेल्या फटीत जाऊन बसतं आणि सांधणंच होऊ देत नाही. म्हणजे औषधांचं नेहमीचं काम एन्झाइम बंद पाडणं असतं, इथे एन्झाइमला त्याच्याच अर्धवट कामात अडकवून त्यालाच घातक बनवलं जातं, त्यामुळे पेशीत हे एन्झाइम जितकं जास्त तितकं नुकसान जास्त. १९८५ मधे हे कळलं. गंमत अशी की नुसतं अडकणं जीवघेणं नाही, औषध थोड्या वेळाने सुटतं आणि धागा सांधला जातो. पण मेगाब्लॉकमधे रूळ कापून ठेवलेत आणि ब्लॉक संपायच्या आत त्याच ट्रॅकवर लोकल सोडली तर जे होईल तेच इथे होतं: डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या कापावर येऊन आदळते आणि दोन्ही धागे तुटतात. हे सांधणं पेशीला फार जड जातं, बहुतेकदा ती मरते. म्हणूनच सारख्या दुभंगणाऱ्या पेशींना हे जास्त लागतं, कॅन्सरच्या तर खऱ्याच, पण अस्थिमज्जा आणि आतड्याच्या अस्तरालाही.

आणि इथेच लिव्हर येतं. इरिनोटेकॅन हे स्वतः कमजोर असतं, शरीरातच त्याचं एसएन-३८ बनतं जे शेकडो पट जोरकस. मग लिव्हरमधलं यूजीटी१ए१ हे एन्झाइम त्याला एक साखरेसारखा तुकडा चिकटवून निकामी करतं आणि पित्तातून आतड्यात सोडतं. तिथले बॅक्टेरिया तो तुकडा तोडून खातात, एसएन-३८ पुन्हा जागं होतं आणि अस्तराला भाजून काढतं. या औषधाने होणारे भयंकर जुलाब यातूनच. शिवाय काही लोकांमधे हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, त्यांना तोच डोस झेपत नाही.

म्हणजे अख्खा उपचार लिव्हरच्या एन्झाइमांच्या वेगावर तोललेला आहे. आता यात एखादी वनस्पती टाका. सेंट जॉन्स वर्ट ही युरोपात उदासीवर घेतात ती वनस्पती, ती लिव्हरच्या काही एन्झाइमांचा वेग वाढवते; ती इरिनोटेकॅनसोबत दिल्यावर रक्तातलं एसएन-३८ तब्बल ४२ टक्क्यांनी घटलं, हे नेदरलँड्समधे २००२ मधे दिसलं. रुग्ण मोजकेच होते, पण अर्थ सरळ आहे, केमो चालूये असं वाटतं आणि प्रत्यक्षात ती जेमतेम साठ टक्केच पोचते.

हळदीची बाजू याच्या उलट. लॅबमधे हळदीतलं कर्क्युमिन आतड्याच्या कॅन्सरपेशींना केमोसाठी हळवं करतं हे खरं आहे, त्यावर ढिगाने पेपर आहेत. पण तोंडाने घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जवळपास पोचतच नाही, कारण आतडं आणि लिव्हर त्यालाही तोच साखरेचा तुकडा चिकटवून बाहेर काढतात. मिरीतलं पाइपरीन ते चिकटवणं रोखतं, १९९८ मधे बंगळुरूच्या संशोधकांनी दाखवलं की त्याने माणसांच्या रक्तातलं कर्क्युमिन वीसपट वाढतं. फॉरवर्डवाले इथे थांबतात. अरे पण एसएन-३८ शरीराबाहेर जायचा रस्ताही तसलाच आहे! कर्क्युमिनचा रस्ता अडवणारी गोष्ट केमोचा अडवणार नाही याची खात्री कोण देणार? पाइपरीन औषधं पचवणाऱ्या इतर एन्झाइमांनाही रोखतं हे लॅबमधे दिसलेलं आहे. रोजच्या भाजी-आमटीतल्या हळदीमिरीबद्दल मी बोलत नाहीये, हळदीत कर्क्युमिन असतंच तीनेक टक्के. प्रश्न रोज दोन-दोन ग्रॅम शुद्ध अर्काचा आहे.

प्रामाणिक प्रयोगही झालेत. इंग्लंडात लेस्टरला फोलफॉक्स या, आतड्याच्या कॅन्सरवरच्या दुसऱ्या केमोसोबत रोज २ ग्रॅम कर्क्युमिन देऊन पाहिलं, २०१९ मधे ते छापलं, रुग्ण तीसपेक्षा कमी. सोबत घेणं सुरक्षित दिसलं, पण आयुष्य वाढतं का हे ठरवायला एवढे रुग्ण पुरत नाहीत, आणि फोलफॉक्समधे इरिनोटेकॅन नसतंच. येल विद्यापीठाने तर अठराशे वर्षं जुना चिनी काढा घेतला, चिनी ज्येष्ठमध, बोरं वगैरे चार वनस्पतींचा, प्रत्येक बॅच सारखीच निघते ना हे तपासलं आणि इरिनोटेकॅनसोबत उंदरांना दिला, तर आतड्याचं अस्तर लवकर भरून आलं आणि गाठीवरचा परिणाम कमी झाला नाही. जुन्या ज्ञानाचा मान राखायचा तो असा. "आयुर्वेदात सगळं आहे" म्हणत लेबल नसलेल्या पुड्या विकणारे तो राखत नाहीत, आजाराने हवालदिल झालेल्या घरातून पैसे तेवढे काढतात. आणि नरक्याची पावडर कुणी देऊ करत असेल तर कृपा करून घेऊ नका, त्यात डोस किती हे देणाऱ्यालाही माहीत नसतं.

कुणी आधीच काही घेत असेल तर तो डबा किंवा पुडी घेऊनच ओपीडीत जा, लाजू नका, लपवू नका. कारण जुलाब वाढले, पांढऱ्या पेशी घसरल्या, तर डॉक्टर औषधच जास्त होतंय असं समजून केमोचा डोस कमी करतात, आणि मधे कॅप्सूल आहे हे त्यांना माहीतच नसेल तर ती चालूच राहते आणि कमी होते ती केमो.