'हा व्हिज्युअल, ती ऑडिटरी' हे आपल्या शाळेत आलं कुठून?

जळगाव, धुळं, नंदुरबार, कुठलाही बीएड-डीएडवाला धरा, त्याने कधी ना कधी लिहिलेलंच असतं की काही मुलं बघून शिकतात, काही ऐकून, काही हाताने करून, आणि ज्याची जी शैली त्याला तसं शिकवावं. टीईटीमध्ये बालमानसशास्त्राला 30 मार्क आहेत, त्यासाठी तर पोरं हे पाठच करतात. पण हे कुणी काढलं, कधी काढलं आणि नंतर त्याचं काय झालं ते सहसा कुणी सांगत नाही.

तशी मुलं वेगवेगळी असतात हे आपल्याकडे जुनंच. साने गुरुजी 1924 ते 1930 अमळनेरला प्रताप हायस्कूलात होते, वर्ग घ्यायचे, छात्रालय सांभाळायचे, वर 1928 मध्ये मुलांसाठी 'विद्यार्थी' मासिक पण काढलं. 1937 ला वर्ध्यात गांधीजींची नयी तालीम ही शिक्षणपद्धत आली, तिच्यात शिकणं हातकामातूनच होतं. पण यातल्या कुणी मुलांचे टाईप पाडले नव्हते.

टाईप पाडायचं काम जोरात सुरू झालं ते 1970 नंतर अमेरिकेत. रीटा आणि केनेथ डन या जोडप्याने उजेड, आवाज, बसायची पद्धत, खोलीचं तापमान हे सगळं मुलाच्या शैलीत धरलं (एप्रिलमध्ये भुसावळला एखाद्या पत्र्याच्या वर्गात या म्हणावं, सगळ्या पोरांची शैली एकच निघेल, पंखा!). मग डेव्हिड कोल्ब आले, त्यांचं अनुभवातून शिकण्यावरचं पुस्तक 1984 चं. आणि 1987 मध्ये न्यूझीलंडचे नील फ्लेमिंग, आधी शाळा तपासणारे इन्स्पेक्टर होते, त्यांना दिसलं की चांगले मास्तरही काही मुलांपर्यंत पोचत नाहीत आणि साधे मास्तर पोचतात, तर असं का, म्हणून त्यांनी व्हार्क नावाची प्रश्नावली केली. बघणारे, ऐकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि करून बघणारे असे चार गट. प्रश्न कसे, तर कुणी रस्ता विचारला तर तुम्ही नकाशा काढाल, तोंडी सांगाल, लिहून द्याल का सोबत जाल? आता धुळ्यात पाचकंदीलचा रस्ता विचारला तर माणूस तोंडाने सांगतो, हाताने दाखवतो आणि वेळ असला तर गाडीवर बसवून सोडूनही देतो, त्याला कोणत्या गटात टाकायचं?

यातच अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हॉवर्ड गार्डनर यांची 1983 ची बहुविध बुद्धिमत्ता मिसळली गेली. त्यांनी सात बुद्धिमत्ता सांगितल्या होत्या, शैली नाही, आणि 2013 मध्ये त्यांनी स्वतः लिहून सांगितलं की या दोन गोष्टी एक करू नका. आपल्या गाईडांमध्ये अजूनही दोन्ही एकाच धड्यात असतात.

खरी तपासणी झाली 2004 मध्ये, इंग्लंडात फ्रँक कॉफील्ड आणि सहकाऱ्यांनी शैलींची 71 मॉडेलं शोधली, एवढी! 2008 ला हॅरॉल्ड पॅशलर आणि तिघांनी मुद्द्यालाच हात घातला. बघणाऱ्या मुलांतल्या अर्ध्यांना दाखवून शिकवा, अर्ध्यांना ऐकवून, ऐकणाऱ्यांचं पण तसंच करा, शेवटी सगळ्यांना एकच पेपर द्या, आणि ज्याला त्याच्या शैलीने शिकवलं तोच जास्त मार्क घेत असेल तर दावा खरा. असे नीट केलेले अभ्यास हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सापडले, आणि त्यातल्या काहींचे निकाल तर उलटेच. तरी 2012 च्या एका सर्व्हेत ब्रिटन-नेदरलँड्सचे 90 टक्क्यांहून जास्त शिक्षक यावर विश्वास ठेवणारे निघाले, मग आपल्या मास्तरांना काय बोलायचं.

म्हणजे चित्रं, गाणी, वस्तू सगळं फेकून द्यायचं असं नाही. रावेर-यावलकडे गुणाकार शिकवायला केळीचा घड आणला, फण्या मोजल्या, एका फणीत केळी किती ते बघितलं, फळ्यावर मांडलं, मोठ्याने म्हटलं, तर ते सगळ्याच पोरांना कामाचं. नकाशा बघावाच लागतो, कविता ऐकावीच लागते, तिथे पोराचा टाईप नाही तर विषय ठरवतो.

आपल्याकडे हे सगळं 2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानंतर आणि 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र'च्या जीआरनंतर ज्ञानरचनावादाच्या (मूल स्वतःच आपलं ज्ञान उभं करतं, हा विचार) पिशवीतून आलं, गावोगाव लोकसहभागातून फरशा रंगल्या, भिंती रंगल्या. चांगलंच झालं ते, पण खान्देशात वर्गातला मोठा फरक मला तरी डोळे-कानात दिसत नाही, भाषेत दिसतो. घरी अहिराणीत 'माले-तुले' बोलणारं पोरगं पुस्तकात 'मला-तुला' वाचतं, ते तरी जवळचं आहे, सातपुड्यात पावरी, भिली, नवापूरकडे मावची बोलणाऱ्या पोरांना तर पहिलीचं पुस्तक परक्या भाषेचंच. असं पोरगं गप्प बसलं की मास्तर म्हणतो हा ऐकून शिकणारा नाही, अरे त्याला शब्दच कळत नाहीयेत! नर्मदा बचाव आंदोलनाच्या नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी 1990 च्या दशकातच पावरीतून सुरुवात केली होती. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 29 मध्ये शक्यतो मातृभाषेतून शिकवा असं लिहिलंय, 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही निदान पाचवीपर्यंत तेच आहे, पण नंदुरबारच्या अक्राणी तालुक्यात बदली होऊन गेलेला धुळ्याकडचा गुरुजी पावरी शिकतो ती बहुतेक वर्गातल्या पोरांकडूनच.