बाघची चुनखडी, लाव्हाखालचा समुद्र

धुळे-नंदुरबारकडं कुठल्याही खदानीवर जा, तोच काळा दगड, क्रशरला घातला की गिट्टी, आणि त्यात समुद्रातला जीव सापडायचा प्रश्नच नाही कारण तो साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा थंड झालेला लाव्हा आहे. पण सातपुडा ओलांडून सेंधवा-बडवानी-कुक्षी करत धार जिल्ह्यातल्या बाघला गेलं की लाव्हाखालचे जुने थर उघडे पडलेले दिसतात, आणि त्यातली एक पिवळसर-लाल चुनखडी तर मुख्यतः ब्रायोझोआंच्या तुकड्यांचीच आहे.

ब्रायोझोआ म्हणजे वसाहत करून राहणारे, बहुतेक समुद्रातलेच प्राणी. एकेक जीव मिलिमीटरभर पण नाही, तो स्वतःभोवती चुन्याची नळी बांधतो आणि पुढचा जीव त्याच्यातूनच कळी फुटावी तसा निघतो, असं करत करत फांदी तयार होते, भिंगातून बघितली तर सगळीकडं भोकंच भोकं. पोवळ्यांशी यांचं जवळचं नातं नाही, तरी या दगडाला कोरलाइन लाइमस्टोन, म्हणजे पोवळ्यासारखी चुनखडी, म्हणायची सवय पडली ती पडलीच.

याचा शोध तसा जुना. कीटिंज नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1850च्या दशकात बाघजवळचे जीवाश्म गोळा केले, मुंबईच्या कार्टरनं त्यावर लिहिलं. मग भूवैज्ञानिक सर्वेक्षणचा ब्लॅनफर्ड आला, त्याचा 1869चा रिपोर्ट तापी आणि खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांवर आहे, म्हणजे आपला काळा दगड आणि बाघची चुनखडी एकाच रिपोर्टात! 1884मध्ये प्रमथनाथ बोस यांनी थर नीट लावले: खाली गाठाळ चुनखडी, मध्ये मार्लचा म्हणजे चुनामिश्रित मातीच्या दगडाचा पातळ थर, वर ही कोरलाइन. हेच ते बोस ज्यांनी पुढं ओडिशातल्या मयूरभंजचं लोखंड टाटांना कळवलं, ते सगळ्यांना माहीत, बाघचं काम कोणी काढत नाही. इथल्या ब्रायोझोआंवर जीवाश्मांचे अभ्यासक चिपळूणकर यांचा वेगळा पेपर 1939चा.

समुद्र पश्चिमेकडून नर्मदेच्या खोऱ्यात शिरला होता, साधारण 9 कोटी वर्षांपूर्वी. उथळ असणार, कारण या चुनखडीत प्रवाहानं तिरके पडलेले थर दिसतात आणि फांद्या मोडलेल्या.

जाळीसारख्या वसाहती करणारं फेनेस्टेलिडी हे ब्रायोझोआंचं कुळ मात्र इथं शोधू नका, त्यासाठी काश्मीरला लिद्दर खोऱ्यात जावं लागतं, तिथल्या थराला फेनेस्टेला शेलच म्हणतात. ते कुळ पर्मियन काळाच्या शेवटी, 25 कोटी वर्षांपूर्वी संपलं, बाघला समुद्र आला त्याच्या कितीतरी आधी.