घड्याळाचा क्रम आणि कागदाचा क्रम

बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ येथे २७ जुलै २०२४ रोजी फॉर्म्युला वन मोटार शर्यतीच्या, भर पावसात झालेल्या पात्रता फेरीत मॅक्स व्हर्स्टापेनने १ मिनिट ५३.१५९ सेकंदांची लॅप (ट्रॅकची एक पूर्ण फेरी) नोंदवली आणि दुसऱ्या आलेल्या चार्ल्स लेक्लर्कला जवळजवळ ०.६ सेकंदांनी मागे टाकले. दुसऱ्या दिवशी मात्र ग्रिडवरच्या, म्हणजे शर्यतीच्या सुरुवातीच्या रांगेतल्या, पहिल्या जागेवर लेक्लर्कची फेरारी उभी होती आणि व्हर्स्टापेनची रेड बुल अकराव्या जागेवर. त्याच रविवारी चौकटींचा झेंडा सर्वांत आधी जॉर्ज रसेलला दाखवण्यात आला, विजेत्याचा करंडकही त्यानेच उचलला. भारतीय वेळेनुसार ज्यांनी रात्री आठच्या सुमारास टीव्ही बंद केला, ते रसेल जिंकला असे समजूनच झोपले असतील. अधिकृत निकालात विजेता म्हणून नाव आहे ते लुइस हॅमिल्टनचे.

फॉर्म्युला वनच्या शर्यतीत शनिवारी आणि रविवारी अशा दोन्ही दिवशी दोन वेगवेगळे क्रम तयार होतात. एक घड्याळ लावते आणि दुसरा एफआयए ही नियामक संस्था कागदावर जाहीर करते. बहुतेक वेळा ते जुळतात, म्हणूनच त्यांची गल्लत होते. बातम्यांमध्ये तर ‘पात्रता फेरीत पहिला’ आणि ‘पहिल्या स्थानावरून सुरुवात’ हे शब्दप्रयोग सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात.

शनिवारच्या घड्याळाचे काम साधे असते. २०२४च्या पद्धतीनुसार २० गाड्या १८ मिनिटांच्या पहिल्या टप्प्यात उतरत, तळाच्या पाच गळत, १५ मिनिटांच्या दुसऱ्या टप्प्यानंतर आणखी पाच गळत, आणि उरलेल्या दहा जणांचा क्रम १२ मिनिटांच्या शेवटच्या टप्प्यात ठरे. प्रत्येकाची सर्वोत्तम एक लॅप मोजायची, एवढेच. गाडीत कितवे इंजिन बसवले आहे किंवा मागच्या शर्यतीत चालकाने कुणाला धडक दिली होती, याच्याशी घड्याळाला देणेघेणे नसते.

ग्रिडला असते. पात्रता फेरीच्या क्रमावर त्या त्या चालकाच्या नावे लागलेले दंड लावून ग्रिड तयार होतो आणि हे दंड त्या शनिवारशी संबंधित असतीलच असे नाही. मोसमभरासाठी इंजिनाच्या प्रत्येक घटकाचा कोटा ठरलेला असतो. व्हर्स्टापेनने स्पा येथे तो ओलांडला आणि दहा जागांचा दंड पत्करला. गिअरबॉक्सचा कोटा ओलांडला तर पाच जागा जातात. पात्रता फेरीनंतर गाडी ‘पार्क फर्मे’च्या बंधनात असते, त्यामुळे त्या काळात तिच्या मांडणीला परवानगीशिवाय हात लावला तर ग्रिडऐवजी पिट लेनमधून (गाड्यांच्या दुरुस्तीच्या व टायरबदलाच्या गल्लीतून) सुरुवात करावी लागते. एकाचा दंड इतरांना कसा फळतो, हेही स्पाच्या ग्रिडवर नेमके दिसते. व्हर्स्टापेन दहा जागा खाली गेला म्हणून लेक्लर्क दुसऱ्याचा पहिला, सर्जिओ पेरेझ तिसऱ्याचा दुसरा, हॅमिल्टन चौथ्याचा तिसरा, असे करत रसेलही सातव्यावरून सहाव्या जागेवर आला. घड्याळाने दिलेली एकाचीही वेळ बदलली नाही. जागा मात्र अकरा जणांच्या बदलल्या.

शिक्षा म्हटली की ती टाळण्याकडे कल असणार असे वाटते. पण इंजिनाच्या दंडाबाबत संघ उलटा हिशेब करतात. स्पा येथे केमेल सरळीवर गाड्यांना एकमेकींना मागे टाकता येते, म्हणून तिथे जागा गमावणे स्वस्त पडते. २०२२ साली व्हर्स्टापेन याच ट्रॅकवर पात्रता फेरीत सर्वांत वेगवान ठरूनही चौदाव्या जागेवरून निघाला आणि शर्यत जिंकला. मोनॅकोच्या अरुंद रस्त्यांवर असा दंड कुणी आपणहून ओढवून घेणार नाही.

मोनॅकोतच मिखाएल शूमाकरच्या वाट्याला याची कडू बाजू आली. २०१२ साली, वयाच्या ४३व्या वर्षी, त्याने तिथल्या पात्रता फेरीत सर्वांत वेगवान लॅप नोंदवली. परंतु आधीच्या स्पॅनिश शर्यतीत ब्रुनो सेनाच्या गाडीवर मागून आदळल्याबद्दल त्याला पाच जागांचा दंड झालेला होता. तो सहाव्या जागेवरून निघाला, पोल पोझिशन, म्हणजे पहिल्या स्थानाचा अधिकृत मान, मार्क वेबरच्या नावावर लागली आणि वेबर ती शर्यत जिंकला. शूमाकरच्या पोल पोझिशनची अधिकृत संख्या ६८वरच थांबली.

यावरून पोल पोझिशन म्हणजे ग्रिडवरची पहिली जागा, असा निष्कर्ष काढावासा वाटतो आणि साधारणपणे तो बरोबरही आहे. त्याला अपवाद ठरली ती २०२२ची ब्राझीलमधील शर्यत. तिथे शुक्रवारच्या पात्रता फेरीत हास संघाचा केविन मॅग्नुसन पहिला होता. रसेलची गाडी वाळूत रुतली, फेरी थांबवणारा लाल झेंडा लागला, पाऊस आला आणि मग कुणालाही मॅग्नुसनची वेळ मोडता आली नाही. शनिवारी मात्र छोटी ‘स्प्रिंट’ शर्यत होती आणि त्या वर्षीच्या नियमानुसार रविवारचा ग्रिड तिच्या निकालावरून ठरणार होता. स्प्रिंट रसेलने जिंकली, मॅग्नुसन आठवा आला. रविवारी पहिल्या जागेवरून रसेल निघाला, तरी पोल पोझिशनची नोंद मॅग्नुसनच्याच नावावर आहे. त्याच्या आदल्या वर्षी नियम उलटा होता: सिल्व्हरस्टोन येथे शुक्रवारी हॅमिल्टन सर्वांत वेगवान होता, पण स्प्रिंट जिंकणाऱ्या व्हर्स्टापेनला पोल देण्यात आली. म्हणजे शूमाकरला वेग असून पोल नाही आणि मॅग्नुसनला पहिली जागा नसूनही पोल आहे. माझ्या मते सर्वांत वेगवान लॅपची नोंद स्वतंत्रपणे ठेवली असती, तर आकडेवारीतला हा घोळ टळला असता. २०२३पासून स्प्रिंटच्या निकालाचा रविवारच्या ग्रिडशी संबंध उरलेला नाही, ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. (मुंबईचा जेहान दारूवाला ज्या फॉर्म्युला टूमध्ये धावला, तिथल्या स्प्रिंटमध्ये तर आता पात्रता फेरीतले पहिले दहा जण मुद्दामच उलट्या क्रमाने उभे केले जातात.)

रविवारी शर्यत संपतानाही हाच फरक पुन्हा समोर येतो. फक्त इथे दंड जागांऐवजी बहुधा सेकंदांत मोजला जातो. कॅनडात २०१९ साली सेबॅस्टियन व्हेटेलने रेषा सर्वांत आधी ओलांडली आणि त्याच्या मागोमाग हॅमिल्टन सुमारे १.३ सेकंदांनी आला. गवतावरून ट्रॅकवर परतताना हॅमिल्टनला धोकादायक रीतीने अडवल्याबद्दल व्हेटेलला पाच सेकंदांचा दंड झालेला होता. ते पाच सेकंद त्याच्या वेळेत मिळवताच विजेता बदलला. संतापलेल्या व्हेटेलने गाड्यांसमोर ठेवलेल्या १ आणि २ क्रमांकांच्या पाट्यांची अदलाबदल केली. त्यामुळे प्रेक्षकांच्या टाळ्या मिळाल्या, निकाल मात्र तसाच राहिला.

सेकंदांच्या दंडात निदान गणित करता येते आणि प्रेक्षकाला ते शर्यत चालू असतानाच कळते. शर्यतीनंतरच्या तपासणीचे तसे नसते. स्पा येथे रसेलने ४४ लॅपची शर्यत एकाच टायरबदलात उरकली होती. तपासणीत त्याच्या गाडीचे वजन बरोबर ७९८ किलो, म्हणजे किमान मर्यादेइतके भरले. पण वजन इंधनाविना धरायचे असते, म्हणून टाकीतले २.८ लिटर इंधन काढले गेले आणि काटा ७९६.५ वर आला. खूप झिजलेल्या टायरमुळे वजन घटते. इतर ट्रॅकवर शर्यतीनंतरच्या संथ लॅपमध्ये रबराचे पडलेले तुकडे चाकांना चिकटवून घेता येतात; स्पा येथे अशी पूर्ण लॅप नसते, गाड्या लगेच पिटमध्ये वळवल्या जातात. दीड किलोची तूट ही चूकच होती, हे रसेलच्या संघाने, मर्सिडीजने, मान्य केले आणि रसेल अपात्र ठरला. त्याचा फायदा सर्वांनाच एकेक जागेने झाला: व्हर्स्टापेन पाचव्याचा चौथा झाला आणि अकरावा आलेला डॅनियल रिकार्डो दहाव्या जागेवर येऊन एक गुण घेऊन गेला.

निकालपत्रक वाचताना आणखी एक भेद लक्षात ठेवावा लागतो. शर्यत पूर्ण करणे आणि निकालात क्रमांक मिळणे, या गोष्टीही वेगळ्या आहेत. विजेत्याने पार केलेल्या अंतराच्या किमान ९० टक्के अंतर कापलेल्या चालकाला, त्याने अंतिम रेषा ओलांडली नसली तरी, क्रमांक दिला जातो. मार्च २०२४मध्ये मेलबर्न येथे रसेलची गाडी शेवटच्या लॅपमध्ये भिंतीवर आदळून रस्त्यात आडवी झाली, तरी त्या शर्यतीच्या पत्रकात तो सतरावा आहे. चारच महिन्यांनी स्पा येथे त्याने सगळ्या लॅप पूर्ण करून सर्वांच्या आधी रेषा ओलांडली, आणि त्या पत्रकात त्याच्या नावापुढे क्रमांकच नाही.