ग्राफिक्स कार्ड आणि मदरबोर्डची जुळणी

घरी कॉम्प्युटर जुळवताना ग्राफिक्स कार्ड मदरबोर्डवर चालेल का हे आधी बघणं, आणि बसवल्यावर स्क्रीन काळीच राहिली तर गडबड कुठे आहे ते हुडकणं, या दोन्हीला मिळून लोक कम्पॅटिबिलिटी बघणं म्हणतात. नागपुरात बर्डीवरच्या दुकानात हा विषय "भाऊ, डिस्प्ले नाही येऊन राहिला" या वाक्याने सुरू होतो आणि काउंटरपलीकडून पहिलं उत्तर बहुतेक वेळा "बोर्ड सपोर्ट नसंल करत" असं येतं. द्यायला सोपं उत्तर आहे पण बरेचदा चुकीचं, कारण कार्ड आणि बोर्ड आपसात क्वचितच भांडतात, भांडण असतं ते पॉवर सप्लाय, बायोस (बोर्ड सुरू होताना चालणारं त्याचं स्वतःचं सॉफ्टवेअर), प्रोसेसर नाहीतर भलत्याच जागी खोचलेल्या केबलशी.

कार्ड बोर्डवरच्या स्लॉटला, म्हणजे ते खोचायच्या जागेला, जुळेल का ही भीती जुन्या काळातून आलेली आहे. १९९७ मध्ये ग्राफिक्स कार्डासाठी इंटेलचा एजीपी स्लॉट आला, पुढे त्यात ३.३ व्होल्टची आणि १.५ व्होल्टची कार्डं वेगळी असायची, त्यांच्या खाचा वेगळ्या असायच्या, तिथे खरंच बघून घ्यावं लागायचं. त्याच्या जागी आलेल्या पीसीआय एक्सप्रेसचं पहिलं स्पेसिफिकेशन २००३ चं, पुढच्या वर्षी ते बोर्डांवर दिसायला लागलं, आणि तेव्हापासून नवीन कार्ड जुन्या स्लॉटमध्ये आणि जुनं नवीन स्लॉटमध्ये बसतं, दोघांत जो हळू त्याच्या स्पीडने काम चालतं. जनरेशन ४ चं कार्ड जनरेशन ३ च्या बोर्डवर लावलं तर जळत नाही, रुसत नाही, फक्त १६ लेनवरून (लेन म्हणजे डेटा जायच्या वाटा) सेकंदाला सुमारे ३२ जीबीच्या जागी १६ जीबी डेटा जातो, आणि गेम खेळताना बहुतेक कार्डांना त्याने फार काही होत नाही.

बहुतेक म्हटलं, सगळ्या नाही. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी दिसायला पूर्ण लांबीचं आहे पण आत लेन फक्त ४, मेमरीही ४ जीबी, त्यामुळे बी४५० किंवा ए५२० सारख्या जनरेशन ३ बोर्डवर ते चांगलंच अडखळतं. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० ला ८ लेन आहेत. आणखी एक गंमत म्हणजे लेन बोर्डच्या नसतात, मुख्य स्लॉटच्या लेन थेट प्रोसेसरमधून येतात, म्हणून बी५५० बोर्ड घेऊन त्यावर रायझन ५ ५६००जी बसवला तर स्लॉट जनरेशन ३ वरच चालतो, बोर्डच्या खोक्यावर ४ छापलेलं असलं तरी. बोर्डवर दुसरा लांब स्लॉट दिसला म्हणून कार्ड तिथे लावू नये, तो बरेचदा बोर्डवरच्या चिपसेट नावाच्या चिपमार्गे ४ लेनचाच असतो. कार्ड किती लेनवर आणि कोणत्या जनरेशनवर धावतंय ते जीपीयू-झेड नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये दिसतं, पण काही न करता बघितलं तर जनरेशन १.१ दिसतं आणि पोरं घाबरतात, कार्ड आरामात असताना वीज वाचवायला लिंक खाली येते, थोडा लोड द्या मग बघा.

खरा घोळ करंटचा. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात, ६ पिनच्या कनेक्टरमधून आणखी ७५, ८ पिनमधून १५०. २०१६ मध्ये आरएक्स ४८० नवीन आलं तेव्हा ते स्लॉटमधून ठरल्यापेक्षा जास्त ओढतं असं मोजमापात निघालं आणि एएमडीला पुढच्याच महिन्यात ड्रायव्हर सॉफ्टवेअरने ते आवरावं लागलं, तेवढा हा ७५ चा आकडा महत्त्वाचा आहे. कार्डला पॉवर केबल लावायचीच राहून गेली की काही कार्डांचे पंखे पूर्ण जोरात फिरतात आणि स्क्रीन काळी, हे नवख्याच्या हातून हमखास होतं. त्याहून वाईट चूक म्हणजे प्रोसेसरची ४ अधिक ४ पिनची केबल कार्डमध्ये कोंबणं. ती आणि कार्डची ६ अधिक २ पिनची केबल लांबून बहिणी वाटतात पण आतली वायरिंग उलटी आहे, प्लस आणि ग्राउंडच्या जागा बदललेल्या, सरळ जात नाही म्हणून जोर लावला की कामच संपलं. केबलच्या टोकावर बारीक अक्षरात सीपीयू किंवा पीसीआय-ई लिहिलेलं असतं, मोबाईलचा टॉर्च लावून वाचायचं.

बायोसचा भाग लोकांना सगळ्यात कमी माहीत असतो. जुन्या बोर्डांचं बायोस जुन्या पद्धतीचं, नवीन बोर्ड यूईएफआय या नव्या पद्धतीचे, आणि कार्डच्या स्वतःच्या छोट्या बायोसमध्ये यूईएफआयसाठी जीओपी नावाचा तुकडा लागतो. तो नसेल आणि बोर्डवर सीएसएम, म्हणजे जुन्या पद्धतीचं कार्ड चालवून घेणारी सेटिंग, बंद असेल तर कार्ड ठणठणीत असूनही स्क्रीनवर काही येत नाही. माझ्याकडे हे सेकंडहँड आरएक्स ५८० सोबत झालं. रात्री अकराला कार्ड बसवलं, पंखे फिरले, लाईट लागली, बोर्डवरचा व्हीजीएचा, म्हणजे डिस्प्लेची तक्रार दाखवणारा, बारका लाल दिवा तसाच जळत राहिला, मी खोडरबरने कार्डचे सोनेरी दात घासले, रॅम काढून लावली, मित्राला फोन केला तर तो म्हणे "काऊन घेतलं बे मायनिंगवालं". मायनिंगवालंच होतं. मायनिंग करणारे, म्हणजे कार्डावर क्रिप्टोकरन्सी कमावणारे, कार्डचं बायोस बदलून ठेवायचे आणि त्या भानगडीत यूईएफआयचा भाग बिघडायचा. या कार्डच्या वरच्या कडेवर नखाएवढा स्विच होता, दोन बायोसपैकी एक निवडायचा, तो कॉम्प्युटर बंद करून दुसरीकडे सरकवला आणि बोर्डचा लोगो आला. सगळ्या आरएक्स ५८० वर हा स्विच नसतो, नसेल तर मग बोर्डची गोल बॅटरी थोडा वेळ काढून किंवा जंपरने सेटिंग मूळ जागी आणायची, कारण बऱ्याच जुन्या बोर्डांवर सीएसएम मुळात चालूच असतं.

बोर्डवर असे दिवे नसतील तर छोटा बझर लावून बीप मोजतात. एएमआय कंपनीच्या बायोसमध्ये ८ छोट्या बीप म्हणजे डिस्प्लेची तक्रार, अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब दोन छोट्या.

मॉनिटरची केबल हा तर न सांगण्यासारखा विषय, पण सांगावाच लागतो. आय५ १२४००एफ सारख्या एफवाल्या प्रोसेसरमध्ये किंवा रायझन ५ ५६०० मध्ये आतलं ग्राफिक्स नसतंच, त्यामुळे केबल बोर्डच्या एचडीएमआयमध्ये खोचली तर ते पोर्ट नुसतं भोक आहे. ती खाली, कार्डच्या आडव्या पोर्टमध्ये लागते. इंटेलचं आर्क कार्ड घेतलं तर बायोसमध्ये रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग) चालू करता येतं का ते आधी बघून घ्यायचं, त्याच्याशिवाय ते कार्ड चालतं पण मरगळल्यासारखं. आणि रायझर केबल, म्हणजे स्लॉट लांबवणारी केबल, लावून कार्ड उभं बसवायची हौस असेल आणि केबल जनरेशन ३ ची असेल तर बायोसमध्ये स्लॉटही हाताने ३ वर आणून ठेवायचा, नाहीतर काळी स्क्रीन.

नागपूरचं म्हणून एक वेगळं प्रकरण आहे, उन्हाळा. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती आणि साध्या मे महिन्यातही पारा ४५ पर्यंत जाणं नेहमीचंच. जानेवारीत नीट चाललेलं कार्ड मे मध्ये गेमच्या मध्येच स्क्रीन घालवतं, कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो, आणि लोक म्हणतात आता कार्ड बोर्डला मानवत नाही. पॉवर सप्लायवरच्या ८० प्लस या स्टिकरच्या टेस्ट साधारण २३ अंशांच्या खोलीत होतात, दुपारच्या धरमपेठेतल्या वरच्या मजल्यावर नाही, आणि तो स्टिकर वीज किती वाया जाते तेवढंच सांगतो. चांगला सप्लाय ४० किंवा ५० अंशांवर पूर्ण वॅट देतो, आणि ते स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलं असतं. बरं खोलीतला पाण्याचा कूलर कॅबिनेटच्या तोंडावर लावला तर हवा गार होते पण ओलही आत जाते, काही महिन्यांत धूळ चिकट होऊन पंख्यावर बसते. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर असतील तर आधी ते वेगळे करा, अर्थिंग आहे का ते वायरमनला दाखवा, मग कार्डला दोष द्या.

हे सगळं करून स्क्रीन आलीच नाही तर कार्ड पिशवीत घालून मित्राच्या मशीनवर लावून बघायचं. तिथे चाललं तर कार्ड सुटलं, आता सप्लाय, केबल, बायोस यांची पाळी. तिथेही नाही चाललं तर त्या मित्राचं चालतं कार्ड आपल्या बोर्डवर लावून बघायचं, तेवढं करूनच दुकानात जायचं, बिल आणि कार्डवरचा सिरियल नंबर सोबत ठेवून, आणि "बोर्ड सपोर्ट नसंल करत" म्हटलं की मग काय काय करून पाहिलं ते शांतपणे सांगायचं.