पपनस, टॅक्रोलिमस आणि थरथरणारा हात

गणपतीत कोकणात मूर्तीवरच्या माटवीला, म्हणजे फळाफुलांनी सजवलेल्या चौकटीला, पपनस हमखास टांगलेलं असतं. नंतर ते सोलून घरादाराला वाटलं जातं. घरात कुणाचं मूत्रपिंड किंवा यकृत बदललेलं असेल, तर त्यांना मात्र ती फोड देऊ नये. प्रसाद असला तरी.

नवा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून अशा बहुतेकांना रोज टॅक्रोलिमस घ्यावं लागतं. १९८४ साली जपानमधल्या त्सुकुबाच्या मातीतल्या एका जिवाणूपासून हे औषध मिळालं. त्याची उपयोगी मात्रा आणि त्रासदायक मात्रा यांत अंतर फार थोडं. गोळीचा बराच भाग आतड्याच्या अस्तरातलं एक विकर (एन्झाइम) रक्तात पोचण्याआधीच मोडून टाकतं आणि डोस ते गृहीत धरूनच ठरतो. पपनसातली फ्युरानोकुमारिन नावाची रसायनं या विकरालाच निकामी करतात, मग औषध रक्तात जास्त पोचतं. विकर नव्याने तयार व्हायला एकदोन दिवस तरी लागतात, म्हणून ‘गोळी सकाळी, फळ संध्याकाळी’ ही पळवाट चालत नाही. पावसाळ्यातले जुलाबही औषधाची पातळी अशीच चढवतात.

मग हात थरथरतात, झोप उडते, डोकं दुखतं. एवढं पुष्कळांना होतं आणि डोस बदलला की बहुधा ओसरतं. क्वचित मात्र रक्तदाब उसळतो, दिसेनासं होतं, झटके येतात. कधी पातळी ठीक असतानाही! नेत्रतज्ज्ञांना डोळे निर्दोष दिसतात, कारण बिघाड मेंदूच्या मागच्या भागात असतो आणि दृष्टीचं केंद्र तिथेच आहे. १९९६ मध्ये सविस्तर वर्णन झालेल्या या विकाराला डॉक्टर ‘प्रेस’ (PRES, मेंदूच्या मागच्या भागाची बहुधा उतरणारी सूज) म्हणतात. मागचाच भाग का? एक स्पष्टीकरण असं: दाब वाढला की रक्तवाहिन्या आकसून मेंदूला वाचवतात, पण त्यांना आवळायला लावणारे मज्जातंतू मागच्या भागात विरळ आहेत. त्यातून औषधाने वाहिन्यांचं अस्तर दुखावलेलं. पाणी बाहेर झिरपतं, सूज येते. वेळीच ओळखलं तर ती बहुतेकदा उतरते.

पण गोळी आपल्या मनाने बंद करू नये. अवयवच हातचा जायचा. राजापूर-कणकवलीकडे रात्री झटका आला तर मुंबईचे प्रत्यारोपणाचे डॉक्टर दूर, त्यामुळे जवळच्या दवाखान्यात पाऊल टाकताच टॅक्रोलिमसचं नाव सांगावं. झटक्यांवर सर्रास दिलं जाणारं फेनिटॉइन टॅक्रोलिमस मोडणारं तेच विकर वाढवतं आणि त्याची पातळी खूप खाली आणतं.